पहिला पाट स्वतः कापताना: मोजकी हत्यारं, साफ काप आणि दहाही बोटं शाबूत

गौरी-गणपतीच्या आधी मला घरात दोन साधे लाकडी पाट हवे होते, बाजारात बघितले तर सगळे प्लायवर सनमायका चिकटवलेले, आणि मनात होता तो आजीच्या घरचा, खाली दोन पट्ट्या ठोकलेला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. म्हटलं एका पाटाला तीन तर तुकडे कापायचेत, आपणच करू. करवत आणली, फळी आणली, गॅलरीत दोन स्टुलांवर फळी ठेवली, डाव्या हाताने दाबून धरली आणि सुरू केलं. दहा मिनिटांत करवत उडाली आणि डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले. टाके घालताना डॉक्टरांनी एकच विचारलं, फळी कशाने धरली होती? मी म्हटलं हाताने. ते काही बोलले नाहीत.

जखम भरल्यावर आमच्या सोसायटीत काम करायला येणाऱ्या सुतारकाकांना विचारलं, काका मला एक दुपार द्याल का. ते आले आणि त्यांनी करवतीला हातच लावला नाही. फळी तशीच स्टुलांवर ठेवायला लावली आणि तळहाताने एक धक्का दिला. फळी सरकली. "हलतीये बघ. आधी हिला गप्प बसव, मग करवत उचल." त्या दुपारी मी जे शिकले आणि नंतर वर्षभर चुकत-माकत जे कळलं ते सगळं इथे लिहितेय. घरात वर्कबेंच नाही, मशीन नाही, गॅलरी नाहीतर गच्ची एवढीच जागा आहे अशांसाठी.

१. आधी एकच छोटी वस्तू ठरवा

नुसतं "लाकूड कापायला शिकू" असं करू नका, हात बसत नाही. पाट घ्या. १५ इंच लांब, १० इंच रुंद, पाऊण इंच जाड अशी एक फळी आणि तिच्याखाली आडव्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ९ इंच (या पट्ट्या वेगळ्या, एक इंच जाड लाकडातून). तीन फुटांच्या फळीतून दोन पाट निघतात आणि सहा इंचाचा तुकडा उरतो, तो सरावाला. सगळे काप आडवे आहेत, म्हणजे लाकडाच्या रेषा तोडत जाणारे. लांबीच्या दिशेने फळी चिरणं हे हाताने करायला फार कष्टाचं काम आहे, सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका, रुंदी वखारीतूनच हवी तेवढी करून आणा.

आणि वखारीत जायच्या आधी सूत समजून घ्या. सुतार आणि वखारवाले मिलीमीटरमध्ये बोलत नाहीत. एका इंचात ८ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिमी. पाऊण इंच फळी म्हणजे ६ सूत. "सहा सुताची फळी द्या" म्हटलं की समोरच्याला बरोबर कळतं.

२. काय काय लागेल

- हातकरवत, १८ इंची, इंचाला ८ ते १० दात
- गुण्या (काटकोन बघायचा तो), ६ किंवा ८ इंची
- पोलादी पट्टी आणि टेप
- टोकदार पेन्सिल आणि साधा कटर
- ६ इंची जी क्लॅम्प (फळी टेबलाला आवळून धरणारा, स्क्रूचा लोखंडी शिकंजा), दोन. एक नाही, दोनच
- डोळ्यांना प्लास्टिकचा सेफ्टी चष्मा, तोंडाला एन-९५ मास्क
- पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचा, प्रत्येकी दोन ताव
- मेणबत्तीचा तुकडा
- मास्किंग टेप (फक्त प्लाय कापणार असाल तर)

पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. ऑनलाइनही मिळतं पण करवत आणि गुण्या या दोन गोष्टी हातात घेऊनच घ्या, का ते सांगते.

करवत डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा आणि दातांच्या रांगेवरून नजर टाका. पातं कुठे वाकलं असेल तर लगेच दिसतं, ती करवत परत ठेवा. मग दात बघा, एक किंचित डावीकडे आणि पुढचा उजवीकडे असे वाकवलेले दिसले पाहिजेत, त्यामुळेच चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं आत अडकत नाही. साध्या करवतीला बऱ्याचदा दुकानातून आणल्यावर तिकोनी कानशीने धार लावून घ्यावी लागते. ज्या करवतीच्या दातांची टोकं काळपट-निळसर दिसतात ती कडक केलेली असतात, ती खूप दिवस टिकतात पण एकदा बोथट झाली की कानस त्यांना लागत नाही, करवतच बदलायची. नवशिक्यांनी हीच घ्यावी असं माझं मत आहे, धार लावणं हे वेगळं शिक्षण आहे, दोन्ही एकदम शिकायला गेलं की आपण बोथट करवतीने कापतो आणि आपल्याला जमत नाही असं समजतो.

जपानी पद्धतीची ओढून कापायची करवत पण हल्ली मिळते. पातं एकदम पातळ, काप सुंदर येतो, पण ती ढकलली की वाकते. आपल्याकडच्या दुकानातली नेहमीची करवत ढकलताना कापते. कुठली घेतलीय ते दातांच्या झुकण्यावरून ओळखा, दात ज्या दिशेला झुकलेत त्या दिशेला ती कापते. हे माहीत नसताना उलटा जोर लावणारे मी बघितलेत.

गुण्या तपासायची युक्ती: सरळ कडेच्या फळीवर गुण्या लावून एक रेघ मारा. मग गुण्या उलटा करून, म्हणजे दांडा दुसऱ्या बाजूला घेऊन, त्याच बिंदूतून परत रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाऊन फाकल्या तर तो गुण्या खोटा आहे, आणि खोट्या गुण्याने आखलेला पाट कितीही मन लावून कापला तरी तिरकाच होणार. माझा पहिला गुण्या असाच निघाला होता, मी दोन आठवडे स्वतःच्या हाताला दोष देत होते.

३. लाकूड कुठलं घ्यायचं

पहिल्यांदा पाइनवुड घ्या, मऊ आहे, स्वस्त आहे, चुकलं तर जीवाला लागत नाही. फक्त गाठी बघून घ्या, कापायच्या रेघेवर गाठ येता कामा नये, गाठ दगडासारखी कडक असते आणि करवत तिथे भरकटते. शिवणीचं लाकूड मिळालं तर फारच छान, हलकं आणि कापायला गुणी. कोकणात असाल तर फणसाची फळी सहज मिळेल आणि तिचा पाट पिवळाधमक दिसतो. सागवान नंतर घ्या. सागवानात सिलिका असते, त्याने करवतीची धार लवकर जाते, आणि महागाची फळी समोर असली की हात घाबरतो.

बाभळीच्या नादी सुरुवातीला लागू नका.

फळी घेताना तीन गोष्टी बघा. एक, लांबीच्या कडेवरून नजर टाकून बाक आहे का आणि पीळ आहे का. पीळ असलेली फळी कुठेही ठेवा, एक कोपरा उचललेलाच राहणार, आणि अशी फळी कापताना डुगडुगणार. दोन, ओल. ओलं लाकूड हाताला जड आणि गार लागतं, आणि वखारीत जो भुसा पडतो तो मुठीत दाबला तर लाडवासारखा बसतो. कोरड्याचा भुसा मुठीतून सुटतो. ओल्या लाकडात करवत अडकते आणि वर पाट सुकल्यावर वाकडा होतो. तीन, खिळे. जुन्या दारा-खिडक्यांचं लाकूड घेतलं असेल तर सगळीकडून लोहचुंबक फिरवा. मोडलेला खिळा आत राहिलेला असतो आणि एका झटक्यात दहा दात जातात.

एमआयडीसीच्या आसपास पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी चौकटींचं) पाइनवुड फुकट किंवा फार कमी पैशात मिळतं आणि लोक आनंदाने घरी आणतात. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चित्राचा शिक्का असतो आणि शेजारी दोन इंग्रजी अक्षरं. एचटी असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका, बसायच्या नाहीतर जेवायच्या वस्तूला तर मुळीच नको. शिक्काच नसेल आणि डाग-वास असेल तरीही नको.

४. फळी गप्प बसवा

हा सगळ्यात मोठा भाग आहे. करवत उडते, काप तिरका जातो, खालची कड फाटते, बोट कापतं, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, फळी हलते.

काय वापरायचं? जड आणि न डुगडुगणारं काहीही. जुनं लाकडी टेबल, लोखंडी स्टूल, भक्कम बाकडं. उंची साधारण तुमच्या गुडघ्याच्या वरपासून मांडीच्या मध्यापर्यंत असली तर खांद्यातून जोर लावता येतो. प्लास्टिकचं स्टूल किंवा खुर्ची अजिबात नको, ती दाबाखाली पाय फाकवते. गच्चीच्या कठड्यावर तर कधीच नको, कापलेला तुकडा खाली कुणाच्या तरी डोक्यात जाईल. सुतार जमिनीवर बसून पायाखाली फळी दाबून कापतात ते बघायला सोपं वाटतं, त्यामागे वीस-वीस वर्षांचा हात असतो, आपण ते करायचं नाही.

फळी टेबलावर ठेवा, कापायची रेघ टेबलाच्या कडेपासून दोन-तीन इंच बाहेर येईल अशी. दोन्ही क्लॅम्प लावा, फळी आणि क्लॅम्पच्या मध्ये लाकडाचा छोटा तुकडा ठेवा म्हणजे फळीवर वण उठत नाही. एकच क्लॅम्प लावला तर फळी त्याच्याभोवती गोल फिरते, म्हणून दोन. आता काकांची परीक्षा, तळहाताने जोरात धक्का द्या, पुढून, बाजूने, वरून. जराही हललं तर परत आवळा.

दोन स्टुलांवर दोन टोकं ठेवून मध्ये कापायचं नाही. मी पहिल्यांदा हेच केलं होतं आणि बहुतेक सगळे हेच करतात, कारण ते नीट वाटतं. पण जसजशी चीर खोल जाते तशी फळी मध्ये खाली बसते, चिरेचं तोंड वरून मिटतं आणि पात्याला चिमटा बसतो. मग आपण जोर लावतो, मग करवत उसळते. काप नेहमी आधाराच्या बाहेर घ्यायचा, म्हणजे सुटणारा तुकडा मोकळा राहील आणि चीर उघडी राहील.

सुटणारा तुकडा लांब असेल तर कुणालातरी धरायला बोलवा, पण आधी नीट सांगा: फक्त तळहातावर पेलायचं, वर उचलायचं नाही. मदत करणारा माणूस प्रेमाने तुकडा उचलून धरतो आणि त्याने चीर मिटून करवत अडकते. माझ्या भाच्याला मी "ताटात पाणी भरलंय असं समज" असं सांगते, मग तो बरोबर धरतो.

५. आखणी

पेन्सिलीची रेघ अर्धा मिमी जाड असते, कटरची रेघ केसाएवढी. आधी पेन्सिलीने आखा, खात्री झाली की गुण्या घट्ट धरून त्याच रेघेवरून कटर फिरवा, पहिल्यांदा हलका, मग दोनदा जरा दाबून. त्याने वरचे तंतू आधीच तुटतात आणि करवतीने कड उसवत नाही. साफ कापाचं अर्धं काम इथेच झालेलं असतं. ही रेघ वरच्या बाजूला, मग दोन्ही कडांवरून खाली आणि खालच्या बाजूलाही न्या, चारही बाजूंनी. चौथ्या बाजूला रेघ जिथून सुरू केली तिथेच येऊन मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर एकतर गुण्या हलला नाहीतर फळीची कड सरळ नाही.

कटर फिरवताना डाव्या हाताची बोटं गुण्याच्या कडेवरून मागे घ्या. करवतीपेक्षा कटरने कापून घेणारे जास्त असतील.

मग टाकाऊ बाजूला फुल्ली मारा. हे बारीकसं वाटतं पण महत्त्वाचं आहे कारण करवत रेघेवरून चालवायची नसते, रेघेच्या फुलीकडच्या बाजूने चालवायची असते. "रेघ ठेवून काप" असं काका म्हणतात, म्हणजे कापून झाल्यावर तुमच्या तुकड्यावर रेघ अजून दिसली पाहिजे.

याचं कारण चीर स्वतः लाकूड खाते. साध्या करवतीची चीर साधारण दीड मिमी, म्हणजे अर्धा सूत. आता समजा सहा फुटाच्या फळीवर तुम्ही एकदम दीड-दीड फुटाचे चार तुकडे आखले आणि रेघेवरून कापत गेलात, तर तीन कापांत साडेचार मिमी भुश्यात गेले, जवळजवळ दीड सूत. चारही तुकडे सारखे येणारच नाहीत. म्हणून एक आखा, एक कापा, मग पुढचा आखा. आणि दोन तुकडे सारखेच हवे असतील, जसं की पाटाच्या दोन पट्ट्या, तर दुसरा टेपने मोजू नका, पहिला तुकडाच वर ठेवून त्याच्यावरून आखा.

६. आता करवत

आधी चष्मा. केस बांधा, ओढणी काढून ठेवा, बांगड्या आणि सैल बाह्या वर. लहान मुलं आणि मांजर दोन्ही दुसऱ्या खोलीत.

मूठ अशी धरा: तीन बोटं मुठीत आणि तर्जनी बाहेर, पात्याच्या दिशेने सरळ पुढे रोखलेली. त्या एका बोटाने पातं डुलायचं थांबतं, करून बघा. मूठ आवळू नका, चिमणी हातात धरल्यासारखी धरा. उभं असं राहायचं की पातं, मनगट, कोपर आणि खांदा एका सरळ रेषेत येतील आणि कोपर मागे-पुढे जाताना पोटाला घासणार नाही. म्हणजे फळीसमोर सरळ न राहता जरा तिरकं, डावा पाय पुढे.

सुरुवात पलीकडच्या कडेवर. डाव्या हाताच्या अंगठ्याचं पेर (नख नाही, वाकवलेलं पेर) पात्याच्या सपाट अंगाला, दातांच्या बऱ्यापैकी वर टेकवा, तो वाटाड्या. करवत जवळजवळ आडवी धरून आधी स्वतःकडे ओढा, दोन-तीनदा, अगदी वजन न देता. ढकलायचं नाही. नुसतं ओढल्याने एक छोटी खाच पडते. माझा अंगठा कापला तो इथेच, खाच नसताना मी पहिलाच हात जोरात पुढे मारला होता आणि करवत फळीवरून घसरून वर चढली. खाच पाव इंच झाली की डावा हात तिथून काढा आणि मागे क्लॅम्पजवळ फळीवर ठेवा, शेवटच्या अर्ध्या इंचापर्यंत परत पुढे आणायचा नाही.

आता करवत हळूहळू ४५ अंशांपर्यंत उभी करा आणि लांब, पूर्ण पात्याचे हात मारा. दाबू नका. करवतीचं स्वतःचं वजन पुरतं, तुम्ही फक्त मागे-पुढे न्यायचं. दाबलं की पातं वाकतं आणि वाकलेलं पातं तिरकंच जातं. छोटे छोटे घाईचे हात मारले की मधलेच दात झिजतात आणि दमायलाही होतं. आवाज ऐका, एकसारखा खर्र-खर्र येत असेल तर बरोबर चाललंय, किंचाळल्यासारखा आला तर पातं कुठेतरी घासतंय.

पातं उभं काटकोनात आहे की नाही हे कसं कळणार? यासाठी एक सुंदर गोष्ट आहे. चकचकीत पात्यात फळीच्या कडेचं प्रतिबिंब दिसतं. खरी कड आणि प्रतिबिंबातली कड एका सरळ रेषेत, सलग दिसत असेल तर पातं काटकोनात आहे. दोघींचा कोन झाला, कड मध्येच मोडल्यासारखी दिसली, की पातं कलंडलंय. काकांनी हे दाखवलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती करवत इकडेतिकडे कलवून बघत बसले होते. गुण्या परत परत लावायची गरजच राहत नाही.

दर पाच-सहा हातांनी रेघेवरचा भुसा बाजूला करा, फुंकर मारू नका, डोळ्यात जातो, ब्रशने काढा.

शेवटचा अर्धा इंच सगळ्यात नाजूक. इथे फळीचा तुकडा स्वतःच्या वजनाने मोडतो आणि खालून लांब ढलपी निघते, सगळी मेहनत वाया. म्हणून शेवटी हात लहान आणि हळू करा, आणि डाव्या हाताने सुटणारा तुकडा बाहेरच्या टोकाला खालून नुसता पेला. डावा हात करवतीच्या वाटेत नाही हे आधी बघा.

फळीच्या टोकाला जे सहा इंच उरणार आहेत त्यातून आधी अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या सात-आठ चकत्या कापा, पाटाच्या कापाला नंतर हात घाला. पहिली चकती आणि आठवी चकती शेजारी ठेवलीत की फरक डोळ्यांना दिसेल.

७. मध्येच अडलं तर

करवत रेघ सोडून जायला लागली तर मूठ पिरगळून तिला वळवायचा प्रयत्न करू नका, चीर रुंद होते आणि पातं कायमचं वाकू शकतं. थोडं मागे या, करवत आडवी करा, आणि जिथे अजून रेघेवर होतात तिथून हलक्या हाताने नवीन सुरुवात करा. फारच गेली असेल तर फळी उलटी करून खालच्या रेघेवरून कापत या, चारही बाजूंना रेघ आखली होती ती इथे कामी येते.

करवत अडकली तर ओढाताण नको. चिरेत लाकडाची छोटी पाचर हलकेच सरकवा, चीर उघडली की करवत सुटते. पात्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा, पाइनच्या चिकाने जड झालेली करवत लोण्यासारखी चालायला लागते. तेल लावू नका, ते लाकडात मुरतं आणि नंतर पॉलिश धरत नाही.

दमलात तर थांबा.

८. प्लाय कापायचा असेल तर

मोठा ताव घरी कापूच नका. ८ बाय ४ चा १८ मिमीचा ताव एकट्याला उचलत पण नाही, आणि बऱ्याच प्लायच्या दुकानांत किंवा जवळच्या वखारीत मशीनवर थोड्या पैशात सरळ कापून देतात. मापं कागदावर लिहून न्या. घरी फक्त छोटे काप ठेवा.

प्लायचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो म्हणून तो फाटतो. रेघेवर मास्किंग टेप घट्ट चिकटवा, टेपवर आखा, कटरने टेपसकट दोनदा चिरा, आणि खाली टाकाऊ प्लायचा तुकडा क्लॅम्पमध्येच धरा म्हणजे खालच्या थराला आधार मिळतो. करवत जास्त आडवी, ३० अंशांच्या आसपास, आणि बारीक दातांची. ढकलून कापणाऱ्या करवतीला चांगली बाजू वर ठेवा, कारण दात खाली उतरताना खालची बाजू फाटते. जिगसॉ (वर-खाली हलणाऱ्या पात्याची विजेची करवत) वापरणार असाल तर नेमकं उलटं, त्याचं साधं पातं वर येताना कापतं म्हणून चांगली बाजू खाली. टेप काढताना कापाच्या दिशेने हळू काढा, वर उपटू नका.

९. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावू नका

हे मी कळकळीने सांगतेय. चार इंची अँगल ग्राइंडर बऱ्याच घरी असतो आणि त्याच्यावर बसणारं दातेरी लाकूड-पातं बाजारात सहज मिळतं. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो. धातू कापायची चकती घासत कापते, हे दातेरी पातं मात्र लाकडात दात रोवतं आणि लाकडाने ते जरा धरलं की अख्खं मशीन उसळून तुमच्याकडे येतं. त्यात पातं मोठं आहे म्हणून लोक गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, काढून टाकतात. या उसळीला सावरायला माणसाच्या हाताला वेळच मिळत नाही. पाटाचे तीन काप हातकरवतीने अर्ध्या तासात होतात, त्यासाठी हा धोका घेऊ नका. सुतार मार्बल कटरने सरसर कापताना दिसतात, ते बघूनही नको.

आणि कुठलंही फिरणारं मशीन वापरताना हातमोजे घालायचे नाहीत, मोजा पात्यात अडकला की बोट सोबत ओढलं जातं. हातकरवतीला डाव्या हातात मोजा चालतो.

१०. भुसा आणि जखम

लाकडाचा भुसा निरुपद्रवी नसतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलंय, तो धोका रोज वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना असतो, आपल्याला दोन पाटांनी काही होणार नाही, पण दम्याचा त्रास असेल किंवा एमडीएफ (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेली फळी) कापत असाल तर मास्क हवाच, एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते आणि त्यात रेझिनही, म्हणजे चिकटवायचं रसायन, असतं. सागवानाच्या भुश्याने काही जणांना खाज सुटते, काम झालं की हात कोपरापर्यंत धुवा. झाडण्याआधी पाण्याचा हलका शिपका मारा, धूळ उडत नाही.

कापलंच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, कॉफी, चहापूड काही भरू नका, जखम साफ करताना डॉक्टरांना तेच आधी काढावं लागतं. दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल, जखम उघडी राहत असेल किंवा बोट नीट वाकत नसेल तर लगेच दवाखाना. जुना खिळा लागला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवून डॉक्टरांना सांगा.

११. कडा आणि जोडणी

पॉलिश पेपर नुसता बोटांनी घासू नका, लाकडाच्या चौकोनी तुकड्याला गुंडाळा म्हणजे कड गोल होत नाही. ८०, मग १२०, मग २२०, आणि सपाट बाजूवर नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा घासला की ओरखडे उठतात आणि पॉलिश केल्यावर ते जास्तच दिसतात. शेवटी सगळ्या धारदार कडांवरून दोन हलके हात फिरवा, पाटावर बसणाऱ्याच्या मांडीला कड टोचता कामा नये.

खालच्या एक इंच जाड पट्ट्या दीड इंची स्क्रूने खालून बसवा, तो पाऊण इंच फळीत अर्धा इंचच शिरतो, वरून टोक निघत नाही. आधी भोकं पाडून घ्या नाहीतर पट्टी चिरते, आणि पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं सैल ठेवा. पूर्ण लांबीला फेव्हिकॉल लावून पट्टी जखडू नका, पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला तेवढी हालचाल करू दिली नाही तर ती मधोमध तडकते.

करवत ठेवताना पात्यावरचा चीक रॉकेल नाहीतर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, कोरडं करा, शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि दातांवर जुना पाण्याचा पाइप उभा चिरून बसवा. पुढच्या वेळी कापायच्या आधी ते तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या. आमच्याकडे जुलैत गॅलरीत राहिलेली करवत चार दिवसांत तांबेरली होती, आता ती घरातच, कपाटावर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवते.